एचपीव्ही लसीबाबत डॉक्टरांचा दृष्टिकोन : सर्वेक्षणपर संशोधनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : मराठवाडा)

प्रस्तावना :

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजेच एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे या रोगाचे मूळ कारण होय. हे कारण सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी २००६ मध्ये या विषाणूविरुद्धची पहिली लस अमेरिकेत मान्य झाली होती व २००८ मध्ये ती भारतीय बाजारातही आली. म्हणजेच कारण ज्ञात असलेला, लस उपलब्ध असलेला आणि वेळीच तपासणी केल्यास टाळता येणारा असा हा कर्करोग आहे. तरीही तो टळत नाही. असे का घडते, याचा विचार करताना संशोधकांचे लक्ष ज्या घटकाकडे वळले तो घटक म्हणजे डॉक्टर.

प्रस्तुत लेखिका भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे अध्यापन करते. रेणुकामातेचे स्थान आणि मिरचीची बाजारपेठ म्हणून परिचित असलेल्या या गावात परिसरातील खेड्यांमधून मुली महाविद्यालयीन शिक्षणासाठी येतात. काही वर्षांपूर्वी विद्यार्थिनींच्या एका आरोग्य तपासणी शिबिरात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने, "सर, कॅन्सरची एक लस निघाली आहे म्हणतात, ती आम्ही घ्यावी का?" असा प्रश्न तपासणीस आलेल्या डॉक्टरांना विचारला. "तुझं लग्न झालंय का? नाही ना? मग आत्तापासून कशाला त्याचा विचार?" असे म्हणून त्यांनी पुढच्या मुलीला बोलावले. त्या उत्तरात रागावणे नव्हते की उपहासही नव्हता. परंतु वैद्यकीयदृष्ट्या ते उत्तर नेमके उलटे होते. ही लस विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी, म्हणजेच लग्नापूर्वी घेतल्यास सर्वाधिक उपयुक्त ठरते. त्या डॉक्टरांच्या हाती प्रश्नावली दिली असती तर 'आपण एचपीव्ही लसीचे समर्थन करता काय?' या प्रश्नापुढे त्यांनी कदाचित 'होय' असेच लिहिले असते. प्रश्नावलीतील 'होय' आणि शिबिरातील ते उत्तर यांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) डॉक्टरांच्या दृष्टिकोनाचा शोध घेणाऱ्या सर्वेक्षणपर संशोधनाच्या मर्यादा तपासणे. २) डॉक्टरांच्या मौनामागील कारणांचे सामाजिक स्वरूप स्पष्ट करणे. ३) या कारणांपैकी कोणती ग्राह्य व कोणती अग्राह्य आहेत, याची चिकित्सा करणे. या अभ्यासासाठी प्रकाशित संशोधन, शासकीय व संसदीय अहवालांतील सर्वज्ञात माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

सर्वेक्षण नेमके काय मोजते?

या विषयावरील बहुतांश संशोधन 'ज्ञान, दृष्टिकोन व आचरण' या साच्यातील आहे. डॉक्टरांना बंदिस्त प्रश्नावली दिली जाते, त्यांच्या बरोबर उत्तरांची टक्केवारी काढली जाते आणि 'डॉक्टरांमध्ये जाणीवजागृतीची आवश्यकता आहे' असा निष्कर्ष नोंदविला जातो. या साच्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव नमुनानिवडीची आहे. प्रश्नावल्या प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत, मोठ्या रुग्णालयांत किंवा परिषदांना उपस्थित असणाऱ्या तज्ज्ञांकडून भरून घेतल्या जातात. परंतु मराठवाड्यातील खेड्यात मुलीची आई प्रथम जाते ती गावातील आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या पदवीधर डॉक्टरांकडे अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. बालरोगतज्ज्ञ वा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठण्यासाठी तालुक्याला, जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, आणि दहा-बारा वर्षांच्या निरोगी मुलीला घेऊन इतक्या दूर कोणी जात नाही. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, तेच डॉक्टर संशोधनाच्या नमुन्यातून गळतात.

दुसरी उणीव संकल्पनेची आहे. 'दृष्टिकोन' म्हणजे मनातील मत, असे ही सर्वेक्षणे गृहीत धरतात. समाजशास्त्रीयदृष्ट्या दृष्टिकोन हा संबंधांतून व्यक्त होतो. डॉक्टर आईला काय सांगतात, कोणत्या शब्दांत सांगतात, कधी सांगतात आणि काय सांगत नाहीत, यांवरून तो ठरतो. अमेरिकेत २०१४ मध्ये ७७६ बालरोगतज्ज्ञ व कुटुंबवैद्यांचे जे सर्वेक्षण झाले, त्यात मताऐवजी शिफारशीच्या गुणवत्तेचा शोध घेतला गेला, हे त्याचे वेगळेपण. त्यातील २७ टक्के डॉक्टर या लसीची जोरकस शिफारस करीत नव्हते, ५९ टक्के डॉक्टर मुलीला 'धोका' आहे की नाही याचा स्वतःच अंदाज बांधून शिफारस करीत होते आणि भेटीच्या दिवशीच लस घेण्यास सांगणारे जेमतेम निम्मे होते. पुढे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ३० दवाखान्यांत झालेल्या व २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या प्रयोगात, 'आज या लसीची वेळ आहे' असे थेट व सहजपणे सांगण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या डॉक्टरांकडे लस सुरू करण्याचे प्रमाण ५.४ टक्के-अंकांनी अधिक वाढले. डॉक्टरांचे ज्ञान तेच होते, बदलली ती बोलण्याची रीत.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. ही सर्वेक्षणे डॉक्टरांच्या संकोचाला 'अज्ञान' हे एकच नाव देतात. त्यामुळे इतिहास, अर्थकारण, लिंगभाव आणि व्यवसायनीती यांतून येणारी कारणे दृष्टीआड होतात. पुढील विवेचनात या कारणांचा विचार केला आहे.

इतिहासाची सावली : खम्मम व वडोदरा

२००९ मध्ये पाथ ही अमेरिकेतील संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि संबंधित राज्य सरकारे यांच्या सहभागाने तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. खम्ममला सुमारे १४ हजार, तर वडोदऱ्याला सुमारे १० हजार मुली त्यात होत्या. त्यांपैकी सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. शासकीय चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. तथापि संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षक वा मुख्याध्यापकांच्या सह्या असणे, दुष्परिणामांच्या नोंदीची व्यवस्था अपुरी असणे अशा गंभीर त्रुटी पुढे आल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीने आपल्या अहवालात या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले.

या घटनेतून दोन भिन्न विधाने निघतात. 'लस घातक आहे' हे पहिले विधान पुराव्यांनी सिद्ध झालेले नाही. 'लस देण्याची पद्धत अन्यायकारक होती' हे दुसरे विधान सिद्ध झालेले आहे. परंतु समाजाच्या स्मृतीत ही दोन विधाने एकमेकांत मिसळली. 'उद्या काही झाले तर लोक माझ्या दवाखान्यावर येतील' या ग्रामीण डॉक्टरांच्या भीतीला केवळ अज्ञान म्हणता येणार नाही. ज्या व्यवस्थेत संकटसमयी डॉक्टर एकटा पडतो, त्या व्यवस्थेतील तो अनुभव आहे. मात्र या भीतीचे उत्तर मौन हे नव्हे. पालकांना पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती हेच तिचे उत्तर आहे. खम्ममचा खरा धडा लस टाळण्याचा नसून संमतीविना लस न देण्याचा आहे, हा भेद एकाही प्रश्नाने विचारात न घेणारे सर्वेक्षण अपुरे आहे.

मराठवाड्याचे योगदान आणि मराठवाड्यातील मौन

या विषयावरील जागतिक ज्ञानाच्या निर्मितीत आपल्या परिसराचा वाटा मोठा आहे, याची फारशी दखल आपल्याकडे घेतली जात नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजेच आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेला तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटू शकतात, हे त्यातून दिसले. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना ही तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

लसीच्या मात्रांबाबतचा अभ्यासही येथवर पोहोचतो. २००९ मध्ये देशातील नऊ केंद्रांवर दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी, पुणे व मुंबई ही त्यांतील महाराष्ट्रातील केंद्रे होती. खम्मम-वडोदऱ्याच्या वादानंतर एप्रिल २०१० मध्ये सर्वच चाचण्यांतील लसीकरण थांबले आणि १७,७२९ मुलींपैकी ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. हा अभ्यास अर्धवट राहिला असे वाटत असतानाच दीर्घकालीन पाठपुराव्यातून वेगळेच तथ्य समोर आले. २०२१ मध्ये प्रकाशित निष्कर्षांनुसार एचपीव्ही १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने मिळणारे संरक्षण ९५.४ टक्के होते. दोन व तीन मात्रांचे संरक्षण जवळजवळ तेवढेच, म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास होते. अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन मात्रांचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या स्वदेशी लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये तिचे अनावरण झाले.

पुरावा येथील मुलींच्या शरीरांवरून मिळाला आणि लस येथील कारखान्यात बनली. असे असता येथील डॉक्टर त्याविषयी बोलत नसतील, तर तो केवळ आरोग्यशिक्षणाचा प्रश्न राहत नाही. ज्यांच्या सहभागातून ज्ञान निर्माण झाले, त्यांच्या गावापर्यंत ते ज्ञान परत येण्याचा हा प्रश्न आहे. तो न्यायाचा प्रश्न आहे.

'कॅन्सर' या शब्दाचा वापर

ग्रामीण डॉक्टर या रोगाविषयी बोलतच नाहीत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. 'पिशवीचा कॅन्सर' हा शब्द मराठवाड्यातील स्त्रियांच्या परिचयाचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. पुढे कॅन्सर होईल, अशी भीती डॉक्टरांनी घातल्याचे अनेक स्त्रियांनी त्या काळात सांगितले.

येथे एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीसाठी आलेल्या स्त्रीला कॅन्सरचे नाव सांगितले जाते, परंतु तिच्यासोबत आलेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी त्याच कॅन्सरची लस आहे, हे सांगितले जात नाही. शब्द तोच, पण एका ठिकाणी तो शस्त्रक्रियेकडे नेतो आणि दुसऱ्या ठिकाणी उच्चारलाच जात नाही. सर्व डॉक्टरांना या आरोपात गोवणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या परिसरात हे घडले, तेथील स्त्रियांचा डॉक्टरांच्या शब्दावरील विश्वास कसा असेल, याचा विचार केल्याशिवाय 'पालकांचा विरोध आहे' हे विधान करता येणार नाही.

लज्जा, लग्न आणि 'चांगल्या घरची मुलगी'

डॉक्टरांच्या मौनाचे सर्वांत खोल कारण लिंगभावाशी निगडित आहे. विषाणूचा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, हे सांगावे कसे? अविवाहित मुलीच्या आईपुढे हा विषय काढणे म्हणजे मुलीच्या चारित्र्यावर संशय घेण्यासारखे आहे, अशी धारणा डॉक्टरही बाळगतात. 'चांगल्या घरची मुलगी आहे, तिला काय गरज?' हे वाक्य त्यातूनच येते. अमेरिकेतील ५९ टक्के डॉक्टर मुलीच्या 'धोक्याचा' अंदाज बांधत होते. आपल्याकडे तोच अंदाज कुळ, जात आणि वागणूक पाहून बांधला जातो.

वास्तविक या कर्करोगाचा स्त्रीच्या चारित्र्याशी संबंध जोडणे अशास्त्रीय आहे. आयुष्यभर एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही पतीकडून संसर्ग होऊ शकतो. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते. मराठवाड्यातील परभणी व बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. ज्या पट्ट्यात मुलींची लग्ने लवकर होतात, तेथे लसीसाठीचा काळही लवकर संपतो. त्याच सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केली होती, असे दिसते. म्हणजेच पुढे तपासणीचा आधार मिळेल, ही आशाही ठेवता येत नाही.

या लज्जेचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते, आणि या कार्यामुळे त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जे बोलणे वैद्यकव्यवसायाकडून अपेक्षित होते, त्याचा भार एका प्राध्यापकाला वाहावा लागला. महाविद्यालयीन अध्यापकांनी आजही या उदाहरणाचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

ग्राह्य आणि अग्राह्य आक्षेप

डॉक्टरांच्या सर्वच शंका निराधार आहेत, अशी भूमिका घेणे एकांगी होईल. स्वदेशी लस बाजारात आली तेव्हा तिच्या एका मात्रेची किंमत सुमारे २,००० रुपये होती. शेतमजूर कुटुंबातील दोन मुलींसाठी हा खर्च सुचविताना डॉक्टरांची जीभ अडखळली, तर ते समजण्यासारखे आहे. मात्रांच्या संख्येबाबत जागतिक संघटनेची भूमिका आणि लसीच्या माहितीपत्रकातील वेळापत्रक यांत फरक पडल्याने गोंधळ निर्माण झाला, हेही खरे आहे. लस घेतली तरी तिसाव्या वर्षानंतर तपासणी करावीच लागते, हा मुद्दा तर प्रत्येक डॉक्टरने आवर्जून सांगितला पाहिजे.

मात्र 'लसीचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही' हा आक्षेप आता टिकत नाही. स्वीडनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला (२०२०). इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ही घट ८७ टक्के होती (२०२१). स्कॉटलंडमध्ये त्याच वयात पूर्ण लस घेतलेल्या स्त्रियांत हा कर्करोग एकीलाही झालेला आढळला नाही (२०२४).

आणि किंमत हाच एकमेव अडसर आहे, असे मानणाऱ्यांनी जपानचे उदाहरण पाहावे. तेथे एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित लसीकरणात समाविष्ट झाली. दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर जूनमध्ये शासनाने लस चालू ठेवली, पण तिची सक्रिय शिफारस थांबविली. सुमारे ७० टक्के असलेले लसीकरण एक टक्क्याच्याही खाली घसरले. शिफारस पूर्ववत होण्यास एप्रिल २०२२ उजाडावे लागले. लस मोफत होती, दवाखान्यात होती, फक्त 'घ्या' असे सांगणारे कोणी नव्हते. लस मोफत मिळो वा विकत, डॉक्टरांचा शब्द तिच्या इतकाच महत्त्वाचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१) सर्वेक्षणांतून डॉक्टरांचे मत मोजले जाते, त्यांचे बोलणे मोजले जात नाही. पुढील संशोधनाने डॉक्टर आणि आई यांच्यातील प्रत्यक्ष संवाद हा अभ्यासाचा घटक मानावा.
२) गावपातळीवरील आयुष व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा समावेश नसलेले संशोधन ग्रामीण महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करीत नाही.
३) डॉक्टरांच्या मौनामागे अज्ञानाइतकीच पूर्वघटनांची भीती, खर्चाचा संकोच आणि स्त्रीच्या चारित्र्याविषयीच्या पारंपरिक कल्पना कार्यरत आहेत.
४) खम्मम-वडोदरा प्रकरणाने सूचित संमतीची गरज सिद्ध केली. लसीची निरुपयोगिता त्यातून सिद्ध होत नाही.
५) मुलीच्या 'धोक्याचा' अंदाज बांधून शिफारस करण्याची रीत अशास्त्रीय असून ती सोडून वयानुसार सर्व मुलींना एकसारखी शिफारस व्हावी.

समारोप :

महाविद्यालयात येणारी मुलगी अठरा वर्षांची झालेली असते. नऊ ते चौदा हे लसीसाठीचे सर्वांत योग्य वय तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत असतानाच ओलांडलेले असते. तरीही स्वदेशी लस सव्विसाव्या वर्षापर्यंत देण्यास मान्यता आहे आणि आपल्या वर्गातील बहुतेक मुली त्या मर्यादेत बसतात. त्यांच्या धाकट्या बहिणी तर अजून शाळेतच आहेत. डॉक्टरांच्या दृष्टिकोनाची चिकित्सा करताना अध्यापकांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. शिबिरात त्या विद्यार्थिनीला ते उत्तर मिळाले, तेव्हा प्रस्तुत लेखिका शेजारीच उभी होती आणि तीही काही बोलली नाही. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिराने दिलेले उत्तर आहे : होय, ती लस आहे. ती लग्नाआधीच घ्यायची असते. त्याविषयी विचारण्यात लाजण्यासारखे काहीही नाही.